गुण आणि गुण्या

दिवाळीच्या अंकात भांडण काढू नये, फटाके अंगणात उडवावेत, पानांत उडवू नयेत, असा आपल्याकडे शिष्टाचार आहे. यंदा तो मी मोडणार आहे. आणि त्याला कारण आहे आमच्या घराचा मागचा जिना.

वाईला आमचे घर जुने. परारच्या पावसाळ्यात मागची भिंत फुगली आणि तिच्याबरोबर जिनाही उतरवून पुन्हा बांधावा लागला. आमचा गवंडी ठरलेला. त्याच्या वडिलांनीही आमच्याकडे कामे केली होती. त्याच्याबरोबर सुट्टीच्या दिवशी त्याची मुलगी येई. अकरावी होऊन नुकतीच बारावीत गेलेली. बापाने दोरी ताणून, ओळंबा सोडून भिंतीवर पायऱ्यांच्या खुणा केल्या होत्या. दहा फूट उंची, अठरा पायऱ्या. मुलगी डबा घेऊन आली, त्या खुणांकडे जरा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "अण्णा, शेवटच्या पायरीला ठेच लागणार."

"का गं?"

"वर नवी फरशी बसायचीय ना? ती धरलीच नाही तुम्ही."

खरेच होते. पायऱ्या घडीव दगडाच्या, त्यांच्यावर काही बसायचे नव्हते. पण वरच्या मजल्याला दीड इंचाची फरशी बसणार होती. पोरीने कोळशाचा तुकडा उचलला, भिंतीवरच मांडणी केली : एकशे साडेएकवीस इंच भागिले अठरा, प्रत्येक पायरी पावणेसात इंच. बापाने मुकाट्याने जुन्या खुणा पुसल्या. मी चाळीस वर्षे शाळेत गणित शिकवले. भागाकार करणारी मुले पुष्कळ पाहिली. पण जो मजला अजून झालेलाच नाही तो डोळ्यांपुढे धरून भागाकार करणारी मुलगी मी तेव्हा प्रथम पाहिली. पुढे काय व्हायचे आहे, असे विचारले तर म्हणाली, "आर्किटेक्ट, सर." आणि लाजली, जणू काही राणी व्हायचे आहे असे म्हणाली होती.

आज ती वाईतच बी.एस्सी.च्या वर्गात बसते. वास्तुविद्येच्या कॉलेजात ती का नाही, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. आणि ज्यांना 'गुणवत्ता' हा शब्द उच्चारताना छाती फुगवण्याची सवय आहे, त्यांनी तो जरूर वाचावा अशी माझी इच्छा आहे.

आपल्या राज्यात वास्तुविद्येच्या पाच वर्षांच्या पदवीला प्रवेश कसा मिळतो, ते आधी पाहू. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवे. मग 'नाटा' नावाची अभिक्षमता परीक्षा. ती दिल्लीची कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर २००६ सालापासून घेते. बारावीचे गुण निम्मे आणि नाटाचे निम्मे अशी बेरीज होते, तिची यादी लागते, आणि त्या यादीला आपण गुणवत्ता-यादी म्हणतो. वरून पाहता याहून न्याय्य ते काय असणार? पण गवंडी भिंत वरून पाहत नाही, ओळंबा लावून पाहतो. आपणही लावू.

पहिली गोष्ट. ही परीक्षा एकाच वर्षात पुन्हा पुन्हा देता येते आणि त्यांतले सर्वांत चांगले गुण धरले जातात. प्रत्येक खेपेला फी निराळी, प्रत्येक खेपेला जाण्यायेण्याचा खर्च निराळा. आमच्याच आळीतल्या एका डॉक्टरांचा मुलगा तीनदा बसला. मुलगा चांगला आहे, माझाच विद्यार्थी. त्याच्यावर माझा राग नाही. पहिल्या खेपेला त्याला गवंड्याच्या मुलीहून कमी गुण होते. तिसऱ्या खेपेला तो तिच्या पुष्कळ पुढे गेला. ती एकदाच बसली, कारण एकदाच बसण्यापुरते पैसे होते. आता यादीत जो फरक दिसला तो गुणवत्तेचा की खेपांचा? लग्नाच्या पंगतीत तीनदा जेवलेल्याला आपण अधिक भूक असलेला म्हणतो काय?

दुसरी गोष्ट शिकवणीची. अभिक्षमता म्हणजे जी उपजत आहे ती, असे कोशात लिहिलेले आहे. पण अभिक्षमतेच्या शिकवण्या पुण्यामुंबईला जोरात चालतात. अशा एका वर्गाने आमच्या गवंड्याला जी फी सांगितली ती त्याच्या तीन महिन्यांच्या मजुरीइतकी होती. आणि त्याच्या धंद्यात पावसाळा धरला तर वर्षाचे महिने बारा नसतात. जी वस्तू उपजत आहे ती तीन महिन्यांच्या मजुरीला विकत मिळत असेल, तर ती उपजत तरी नाही किंवा विकणारे लबाड तरी आहेत. दोहोंपैकी काय खरे, ते परीक्षा घेणाऱ्यांनी सांगावे.

तिसरी गोष्ट तर मौजेची आहे. करोनाच्या साथीच्या निमित्ताने या परीक्षेतून हाताने काढायचे चित्रच गेले. २०२१ ते २०२३ या वर्षांत भावी वास्तुविशारदांची परीक्षा संगणकाच्या पडद्यावर उत्तरे टिचकावून झाली. पेन्सिल नाही, कागद नाही. स्वयंपाकाची परीक्षा जेवणाच्या यादीवर खुणा करून घ्यावी तसा हा प्रकार! २०२४ सालापासून चित्रकलेचा भाग परत आला, दोनशेपैकी ऐंशी गुणांचा. आला हे बरेच झाले. पण मधल्या तीन वर्षांत ज्या मुलांचे हात चांगले होते आणि टिचक्या वाईट होत्या, त्यांची दाद कोणाकडे?

आणि आपल्या महाराष्ट्रात तर हाताची परीक्षा घेण्याची सोय पूर्वीपासून आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा खेड्यापाड्यांतल्या शाळांतून होतात. चित्रकलेचे मास्तर रविवारी मुलांना बसवून वस्तुचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती घोटून घेतात. फी किरकोळ, शिकवणी बहुधा फुकट. त्या मुलीला इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी होती. त्या श्रेणीचे दहावीच्या परीक्षेत वाढीव गुण मिळतात. पण ज्या विद्येला चित्रकला प्रत्यक्ष लागते तिच्या गुणवत्तेच्या बेरजेत या श्रेणीला स्थान नाही. रसायनशास्त्रात तोंडपाठ केलेल्या समीकरणांचे गुण मात्र बारावीच्या टक्क्यांतून पोचतात. याला काय म्हणावे?

पण समजा, या सगळ्यातून मूल पार पडले. आमची मुलगी पडली! तिसऱ्या फेरीत पुण्याच्या एका खासगी कॉलेजात तिला जागा मिळाली. येथे एक गृहस्थ माझा हात धरतात. हे गृहस्थ प्रत्येक गावात असतात. आमच्या गावात ते संध्याकाळी घाटावर भेटतात. ते म्हणतात, "मास्तर, आता रडता कशाला? मुलींना सगळे फुकट केले आहे सरकारने!"

सरकारने केले आहे हे खरे, आणि ते मी नाकारणार नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेतून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना व्यावसायिक शिक्षणाची निम्मी फी परत मिळते; आणि २०२४-२५ सालापासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींना शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ आहे. हा निर्णय चांगला आहे. तो ज्यांनी घेतला त्यांचे अभिनंदन करण्यात मला कमीपणा वाटत नाही. पण वास्तुविद्येचे शिक्षण म्हणजे शिक्षणशुल्क नव्हे, हे मंत्रालयात कोणाला तरी सांगायला हवे होते.

या शिक्षणात पुस्तके कमी लागतात आणि वस्तू फार. ड्रॉइंग बोर्ड, कागदाची भेंडोळी, पेने, पुठ्ठा, लाकडाच्या पट्ट्या, डिंक, कापण्याची पाती. दर पंधरा दिवसांनी एक नमुना-इमारत तयार करायची. शिक्षकांनी ती बाजूला सारली की नवा पुठ्ठा आणून पुन्हा करायची. मग संगणक, तोही साधा चालत नाही, चित्रे पेलणारा लागतो. छापाईचा खर्च तर असा की सत्राच्या शेवटी मुले जेवण तोडून मोठे कागद छापून घेतात. वर्षातून एकदा अभ्यास-सहल : कधी हंपी, कधी अहमदाबाद, कधी चंदीगड. आणि खोलीभाडे, खानावळ. यातले काहीही 'शुल्क' या शब्दात बसत नाही, म्हणून यातले काहीही माफ नाही. इंजिनियरिंगच्या मुलाला वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन वर्ष काढता येते. वास्तुविद्येच्या मुलाला आठवडा काढता येत नाही.

त्या कॉलेजात मुलीबरोबर तिचा बाप गेला होता, मीही गेलो होतो. खिडकीतल्या कारकुनाने एक छापील यादी दिली. शिक्षणशुल्कापुढे शून्य होते. त्याखाली ठेवी, विकासनिधी, साहित्यसंच, सहल, वसतिगृह. बेरीज लाखावर गेली. बापाने ती यादी दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि बाहेर येऊन इमारतीच्या कोपऱ्यावरून हात फिरवत म्हणाला, "गिलावा चांगला केलाय." परतीच्या एसटीत तिघेही बोललो नाही. थोरल्या मुलीच्या लग्नाचे कर्ज अजून फिटायचे होते.

आता मी मुख्य तक्रारीकडे येतो.

देशात कोठेही इमारत उभी राहिली की बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर द्यावा लागतो. १९९६ सालच्या कायद्याने तो सुरू झाला. हा पैसा बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी असतो आणि आपल्याकडे तो इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जमा होतो. वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला दिला की गवंडी, सुतार, बिगारी यांची तेथे नोंद होते. आमच्या गवंड्याची आहे. या मंडळाच्या शैक्षणिक योजना उदार आहेत. नोंदीत कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना वैद्यकीय पदवीसाठी दरवर्षी एक लाख रुपये, अभियांत्रिकी पदवीसाठी दरवर्षी साठ हजार, साध्या पदवीसाठी वीस हजार. छान! गवंड्याचा मुलगा डॉक्टर झाला तर लाख, इंजिनियर झाला तर साठ हजार. आणि वास्तुविशारद झाला तर? त्या यादीत वास्तुविद्येचे नावच नाही. फार तर साध्या पदवीच्या रकान्यात वीस हजार.

वाचकहो, हे पुन्हा एकदा वाचा. घरे बांधणाऱ्यांच्या मुलांसाठी, घरांवर बसवलेल्या करातून, घरे बांधणाऱ्यांच्या मंडळाने केलेली ही योजना. आणि तीत घर रचण्याच्या विद्येचाच उल्लेख नाही! कुंभारांच्या मंडळाने सगळ्यांना पैसे द्यावेत आणि चाक शिकणाऱ्याला विसरावे, तसे हे झाले. यात कोणाचा दुष्टपणा आहे असे मी म्हणत नाही. दुष्टपणा असता तर बरे झाले असते. त्याच्याशी भांडता येते. हा विसर आहे, आणि त्या विसराच्या मुळाशी एक समजूत आहे : गवंड्याच्या पोराने फार तर धंदा सोडावा, डॉक्टर व्हावे, इंजिनियर व्हावे, पण ज्या धंद्यात बाप पाटी उचलतो त्याच धंद्यात पोराने नकाशा हातात घेऊन बापाला "येथे खिडकी" म्हणून सांगावे, ही कल्पना कोणाच्या डोक्यातच आली नाही.

यावर घाटावरचे गृहस्थ सावरून बसतात. "मास्तर, गरिबी ही काही पात्रता नव्हे. शेवटी गुणवत्ता ती गुणवत्ता. अमेरिकेत बघा! माझ्या मेहुण्याच्या मुलाला न्यू जर्सीत आर्किटेक्चरला मेरिटवर मदत मिळाली. बाप काय कमावतो, कोणी विचारले नाही."

विचारले नाही हे खरे. का विचारले नाही ते ऐका. तेथली पुष्कळ विद्यापीठे आधी फीचा मोठा आकडा छापतात आणि मग चांगल्या मुलाने शेजारच्या विद्यापीठात जाऊ नये म्हणून त्यातून काही सोडतात. हिला 'मेरिट एड' म्हणतात. कापडाच्या दुकानात दिवाळीला किंमत वाढवून सूट देतात, ती गिऱ्हाइकाच्या गुणवत्तेसाठी नसते. आणि गृहस्थांना हे ठाऊक नसावे की हार्वर्ड, येल, एम.आय.टी. या संस्था पदवीच्या मुलांना अशी गुणांवरची मदत मुळी देतच नाहीत. प्रवेश गुणांवर, मदत गरजेवर, असा त्यांचा नियम आहे. ज्या घरून आपण शब्द उसना आणला त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी तो केव्हाच माळ्यावर टाकला आहे.

अमेरिकेचेच उदाहरण हवे तर कूपर युनियनचे घ्या. पीटर कूपर हा टोप्या करणाऱ्याचा मुलगा. शाळेत जेमतेम एक वर्षही गेला नाही. पुढे उद्योगात पैसा मिळवला आणि १८५९ साली न्यूयॉर्कमध्ये गरिबांच्या मुलांसाठी संस्था काढली. तेथे वास्तुविद्या, चित्रकला, अभियांत्रिकी शिकवतात. प्रवेश कठीण, पण एकदा मिळाला की शिक्षणशुल्क कोणालाच नाही, असा प्रघात शंभराहून अधिक वर्षे चालला. गुणवत्तेचा खरा मान याला म्हणतात : दारात गुण पाहा, आणि आत आल्यावर खिसा पाहू नका. आणि तो मोडला कशाने? २००६ साली संस्थेने साडेसतरा कोटी डॉलरचे कर्ज काढले आणि नामवंत वास्तुविशारद टॉम मेन यांच्याकडून नवी डोळे दिपवणारी इमारत बांधून घेतली. ती २००९ साली पुरी झाली. कर्जाचे ओझे पेलवेना. २०१४ साली आलेल्या मुलांपासून फी सुरू झाली. वास्तुविद्या फुकट शिकवणाऱ्या संस्थेला बुडवायला वास्तूच पुरली! विद्यार्थ्यांनी २०१३ साली अध्यक्षांच्या कचेरीत दोन महिने ठाण मांडले, प्रकरण कोर्टात गेले, आणि २०१८ साली संस्थेने दहा वर्षांत पुन्हा सर्वांना मोफत करण्याची योजना मान्य केली. चूक केली, भांडण झाले, चूक कबूल केली. आपल्याकडे पहिली पायरीच तेवढी असते.

आणि आपला स्वतःचा इतिहास तरी काय सांगतो? मालवणजवळच्या आचऱ्याचा एक मुलगा, अच्युत कानविंदे, जन्म १९१६. मुंबईच्या जे.जे.त वास्तुविद्या शिकला आणि १९४५ साली सरकारने त्याला आपल्या खर्चाने हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियसच्या हाताखाली शिकायला धाडले. तेव्हा सरकार परक्यांचे होते. त्यालाही एवढे सुचले. पुढे कानपूरच्या आय.आय.टी.चा सगळा परिसर या कानविंद्यांनी रचला. पुण्यात १९२७ साली जन्मलेले बाळकृष्ण दोशी लाकूडसामान करणाऱ्यांच्या घरातले. २०१८ साली त्यांना प्रिट्झकर पुरस्कार मिळाला, तो मिळवणारे ते पहिले भारतीय. रंध्याचा आवाज ज्या घरात घुमतो त्या घरातल्या मुलाला लाकडाचा स्वभाव शिकवावा लागत नाही. हे ज्ञान कोणत्या गुणवत्ता-यादीत मोजता? चंदीगड रचणाऱ्या ल कार्बुझिएजवळ वास्तुविद्येची पदवी नव्हती. जपानचे तादाओ आंदो आधी मुष्टियुद्ध खेळत. वास्तुविद्या स्वतःच शिकले. आमच्या वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांचा वाडा उभा आहे, रायगडावर हिरोजी इंदुलकरांच्या नावाची पायरी आहे. यांच्यापैकी कोणी नाटा दिली होती? पदवी नको असे मी म्हणत नाही. १९७२ च्या कायद्याने आर्किटेक्ट हे नाव पदवीधराचे झाले, ते योग्यच आहे. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने असेही सांगितले की कायदा राखतो ते नाव. बांधकामाची आखणी करण्याची मनाई इतरांना त्यात नाही. म्हणजे आमच्या गवंड्याने घरे खुशाल आखावीत. फक्त त्याच्या पोरीने पाटी लावू नये!

खासगी कॉलेजांतून दरवर्षी जागा रिकाम्या राहतात, हेही जाता जाता सांगतो. बाके मोकळी, मास्तर हजर, आणि थोड्या अंतरावर पायऱ्यांचा हिशोब चुकू न देणारी मुलगी घरात.

मला काय हवे? फार नाही. कल्याणकारी मंडळाने आपल्या यादीत एक ओळ वाढवावी : वास्तुविद्या पदवी, आणि तिच्यापुढे अभियांत्रिकीइतकी तरी रक्कम. साहित्य आणि संगणक यांसाठी पहिल्याच महिन्यात हातात पैसे पडावेत; वर्ष संपल्यावर पावत्या मागून नव्हे, कारण पावती होण्यासाठी आधी पैसे लागतात. नाटाची दुसरी खेप हवी असेल तर गरिबाच्या मुलाला ती बिनफीची असावी, नाही तर एकच खेप सर्वांना असावी. आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीला बेरजेत थोडी जागा द्यावी. चित्रकलेच्या मास्तरांना तेवढाच हुरूप येईल. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही. पहिलीसाठी तर पैसाही नवा लागत नाही. तो दर इमारतीच्या मागे जमा होतच आहे.

ती मुलगी येत्या उन्हाळ्यात पुन्हा परीक्षेला बसणार आहे. गेल्या आठवड्यात मी तिच्या बापाला म्हटले, फी मी भरतो, पुठ्ठा-कागद मी आणून देतो, दोन्ही खेपा देऊ दे. त्याने मान हलवली. "नको सर. पोरीला फुकटचं घ्यायची सवय नको." मग भिंतीकडे पाहत जरा वेळ थांबला आणि म्हणाला, "कुंपणाची भिंत करायची म्हणत होता ना तुम्ही? त्याची उचल म्हणून घेतो."

मी कधीच म्हटले नव्हते. आमच्या घराला कुंपणाच्या भिंतीची काही गरज नाही. ती जानेवारीत सुरू होत आहे. नकाशा मुलीने काढून दिला आहे.